हिरवा स्फटिक ते रेणूची रचना: पोटॅशियम फेरिऑक्झॅलेट बनवण्यापासून क्ष-किरण विवर्तनापर्यंत

पोटॅशियम ट्रायऑक्झॅलॅटोफेरेट ट्रायहायड्रेट हे लांबलचक नाव प्रयोगशाळेत कोणी उच्चारत नाही. सगळे त्याला फेरिऑक्झॅलेट म्हणतात. बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात अनेकांनी ते बनवलेलं असतं. वजन केलं, टक्केवारी लिहिली, जर्नलवर सही घेतली की विषय संपतो. धातूच्या कॉम्प्लेक्सची (मधोमध धातू आणि त्याला बांधलेले इतर आयन किंवा रेणू, असा संच) स्फटिकरचना क्ष-किरणांनी काढायला शिकायची असेल तर मात्र सुरुवातीला यापेक्षा चांगला पदार्थ मिळणं कठीण. रसायनं स्वस्त आहेत, हवा लागून काही बिघडत नाही, द्रावक म्हणून पाणी चालतं आणि चुकलं तर रंगच सांगतो. शत्रू एकच, तो म्हणजे उजेड.

रचना अशी: मधोमध लोह (३+, म्हणजे फेरिक), भोवती तीन ऑक्झॅलेट. प्रत्येक ऑक्झॅलेट दोन ऑक्सिजननी लोहाला चिमट्यासारखा पकडतो. म्हणजे लोहाभोवती सहा ऑक्सिजन, किंचित पिळवटलेला अष्टफलक. ऋणभार तीन, तो भागवायला तीन पोटॅशियम, आणि स्फटिकात पाण्याचे तीन रेणू. रेणुभार ४९१.२५.

आधी उजेडाचा बंदोबस्त

निळा किंवा अतिनील उजेड पडला की ऑक्झॅलेट लोहाला इलेक्ट्रॉन देतो, लोह २+ (फेरस) होतं आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. ही क्रिया इतकी नेमाने घडते की हॅचर्ड आणि पार्कर या रसायनशास्त्रज्ञांनी १९५६ साली याच मिठाचं द्रावण प्रकाशाची मात्रा मोजायला वापरलं, आणि ती पद्धत आजही चालते. आपल्याला मात्र तोच गुण छळतो. खिडकीशी ठेवलेल्या हिरव्या स्फटिकांवर पिवळट पूड धरते, ती फेरस ऑक्झॅलेटची. अशा स्फटिकाचा पृष्ठभाग खडबडीत होतो आणि विवर्तनाचे ठिपके (स्फटिकातून वळलेले क्ष-किरण जिथे पडतात ते) फाटतात.

त्यामुळे कॉम्प्लेक्स तयार झाल्यापासून पुढचं सगळं काम पडदे ओढून करा. बीकरला अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा. दिव्यावर लाल जिलेटिन पेपर चिकटवला, सजावटीच्या दुकानात मिळतो तोच, तरी पुरेसं होतं, कारण लाल उजेड हे द्रावण जवळजवळ शोषतच नाही.

साहित्य

मोहरचं मीठ (फेरस अमोनियम सल्फेट हेक्झाहायड्रेट) ५ ग्रॅम, ऑक्झॅलिक आम्लाचं १ मोलर द्रावण ३५ मिली, पोटॅशियम ऑक्झॅलेट मोनोहायड्रेट ३.५ ग्रॅम, ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड २० मिली, विरल सल्फ्युरिक आम्ल, इथेनॉल. पाणी ऊर्ध्वपातित घ्या, नळाचं चालणार नाही: त्यातलं कॅल्शियम ऑक्झॅलेटबरोबर लगेच पांढरा गढूळपणा आणतं आणि तो बारीक साका फिल्टर पेपरमधून सहज निसटतो.

पेरॉक्साइड प्रयोगशाळेच्या ३० टक्क्यांच्या बाटलीतून ताजं पातळ करा, एक भाग पेरॉक्साइडला नऊ भाग पाणी. औषधाच्या दुकानातलं टाळा. ते टिकावं म्हणून त्यात इतर पदार्थ घातलेले असतात, आणि फॉस्फेट असेल तर ते लोहाला धरून बसतं. ३० टक्क्यांचं पेरॉक्साइड कातडीला लागलं तर पांढरा चट्टा उठतो, म्हणून हातमोजे घाला. ऑक्झॅलिक आम्ल विषारी आहे, ते पिपेटने तोंडाने ओढू नका.

पहिला टप्पा: पिवळा साका

५ ग्रॅम मोहरचं मीठ १५ मिली पाण्यात विरघळवा. पाण्यात आधीच विरल सल्फ्युरिक आम्लाचे पाच-सहा थेंब घाला, नाहीतर लोहाचं हवेने ऑक्सिडीकरण होऊन द्रावण तांबूस पडतं. त्यात ऑक्झॅलिक आम्लाचं २५ मिली द्रावण ओता आणि सतत ढवळत उकळीपर्यंत न्या. ढवळणं थांबवलं तर तळाशी बसलेला साका उसळतो आणि अर्धा माल टेबलावर येतो. दोन-तीन मिनिटं उकळू द्या. गरम केल्याने फेरस ऑक्झॅलेटचे कण मोठे होतात आणि पटकन खाली बसतात.

वरचं पाणी निथळून टाका. आता धुणं. हा लेख वाचून एकच गोष्ट लक्षात राहणार असेल तर ती ही असू द्या. दर वेळी २० मिली गरम पाणी घाला, ढवळा, बसू द्या, निथळा. असं किमान तीनदा. साक्यात अडकलेले सल्फेट आणि अमोनियम इथेच गेले नाहीत तर पुढे कुठेच जात नाहीत. सल्फेट राहिलं तर शेवटी अल्कोहोल घातल्यावर पोटॅशियम सल्फेटचे रंगहीन खडे हिरव्यांच्या जोडीने पडतात. अमोनियमचं दुखणं जास्त खोल आहे: स्फटिकात ते पोटॅशियमची जागा घेऊ शकतं आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही.

धुणं पुरलं की नाही हे तपासायला निथळलेल्या पाण्याचे काही थेंब परीक्षानळीत घ्या, विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घाला आणि मगच बेरियम क्लोराइड. आम्ल आधी घालायला विसरलात तर बेरियम ऑक्झॅलेटही पांढरं पडतं आणि तुम्ही उगाच धूत बसता. आम्लात ऑक्झॅलेट विरघळतं, सल्फेट विरघळत नाही.

दुसरा टप्पा: ऑक्सिडीकरण

३.५ ग्रॅम पोटॅशियम ऑक्झॅलेट १० मिली कोमट पाण्यात विरघळवून धुतलेल्या साक्यावर ओता. हे वजन अंदाजाचं नाही. ५ ग्रॅम मोहरच्या मिठात १२.७५ मिलिमोल लोह असतं. प्रत्येक लोहामागे तीन पोटॅशियम, म्हणजे दीड मोल पोटॅशियम ऑक्झॅलेट, आणि त्याचं वजन ३.५२ ग्रॅम भरतं.

बीकर ४० अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवा आणि पेरॉक्साइड ड्रॉपरने थेंब थेंब सोडा. २० मिलीला पंधरा-वीस मिनिटं लागली पाहिजेत. थर्मामीटर बीकरमध्येच असू द्या, कारण क्रिया स्वतः उष्णता देते. पारा ४५च्या वर गेला तर थांबा. तापलेल्या द्रावणात लोहच पेरॉक्साइडचं विघटन करतं, फेस येतो, ऑक्सिजन उडून जातो आणि फेरस तसंच राहतं. घेतलेलं पेरॉक्साइड गरजेच्या पावणेतीनपट आहे ते याच गळतीसाठी.

इथे द्रावण गढूळ तपकिरी होतं आणि नवखे लोक घाबरतात. घाबरायचं कारण नाही. या पायरीला आम्ल नसल्यामुळे सुमारे एक तृतीयांश लोह फेरिक हायड्रॉक्साइड म्हणून बाहेर पडणारच, बाकीचं दोन तृतीयांश कॉम्प्लेक्समध्ये जातं.

ऑक्सिडीकरण पूर्ण झालं का, हे ठरवायला पांढऱ्या टाइलवर एक थेंब द्रावण आणि एक थेंब पोटॅशियम फेरिसायनाइड घ्या. निळा रंग आला तर फेरस शिल्लक आहे, अजून २-३ मिली पेरॉक्साइड घाला. ही चाचणी मंद उजेडातच करा. खिडकीत केलीत तर उजेडानेच फेरस तयार होऊन निळं दिसेल, आणि तुम्ही बाटलीभर पेरॉक्साइड ओतलं तरी निळं दिसतच राहील.

तिसरा टप्पा: आम्ल, पण मोजून

द्रावण उकळीला आणून उरलेलं पेरॉक्साइड घालवा. दोन मिनिटं पुरतात. जास्त वेळ उकळलं तर तपकिरी हायड्रॉक्साइड दाणेदार होतं आणि मग आम्लातही लवकर विरघळत नाही. उकळत्या द्रावणात १ मोलर ऑक्झॅलिक आम्ल आधी ५ मिली एकदम घाला, पुढचं थेंबाथेंबाने, द्रावण स्वच्छ पाचूसारखं हिरवं होईपर्यंत. हिशेबाने ६.४ मिली लागतं, व्यवहारात ७ ते ८. स्वच्छ झालं की हात आवरा. रंग पिवळसर हिरव्याकडे झुकला तर आम्ल जास्त झालंय. मग थंड होताना पोटॅशियम हायड्रोजन ऑक्झॅलेटचे पांढरे स्फटिक आधी पडतात, कारण ते गार पाण्यात फारसं विरघळत नाही. अशा वेळी चिमूटभर पोटॅशियम ऑक्झॅलेट घालून पाहा.

द्रावण ३० मिलीपेक्षा जास्त झालं असेल तर आटवून २५ ते ३०वर आणा, गरम असतानाच गाळा, १० मिली इथेनॉल घाला, फॉइल गुंडाळून रात्रभर ठेवून द्या. दुसऱ्या दिवशी बुखनर फनेलवर गाळून निम्मं पाणी आणि निम्मं इथेनॉल अशा मिश्रणाने, मग थोड्या अॅसिटोनने धुवा. साधारण हवेत, अंधारात वाळवा. ओव्हनमध्ये १०० अंशांवर ठेवू नका, स्फटिकातलं पाणी जातं आणि हाती भुकटी उरते. पूर्ण उतारा ६.२६ ग्रॅम, साडेचार ते पाच ग्रॅम मिळाले तर हात चांगला आहे.

शुद्धता: परमँगनेट सांगेल

रचनेच्या मागे लागण्याआधी एक टायट्रेशन करा. ०.२ ग्रॅम पदार्थ विरल सल्फ्युरिक आम्लात विरघळवा, ६० ते ७० अंशांवर ठेवा, ०.०२ मोलर पोटॅशियम परमँगनेटने टायट्रेट करा. शुद्ध पदार्थाला २४.४ मिली लागतं. पहिले काही थेंब रंग सोडायला वेळ घेतात. मँगनीज (२+) तयार झालं की तेच क्रियेला वेग देतं, तोवर धीर धरा. मध्येच तपकिरी झाक आली तर आम्ल कमी पडलंय.

आकडा कुठे सरकलाय त्यावरून भेसळ ओळखता येते. २४.४पेक्षा कमी आला तर पोटॅशियम सल्फेट किंवा न वाळलेलं पाणी. जास्त आला तर मोकळं ऑक्झॅलिक आम्ल, हायड्रोजन ऑक्झॅलेट किंवा पोटॅशियमच्या जागी बसलेलं हलकं अमोनियम. टायट्रेशन झालेल्या द्रावणात जस्ताची पूड घालून लोह पुन्हा २+वर आणा, गाळा आणि तेच परमँगनेट वापरा: ४.०७ मिली यायला हवं. म्हणजे दोन आकड्यांचं गुणोत्तर बरोबर सहाला एक. तीन ऑक्झॅलेट सहा इलेक्ट्रॉन देतात, एक लोह एक देतं. वजन चुकलं तरी गुणोत्तर चुकत नाही, म्हणून आम्ही त्यावर जास्त भरवसा ठेवतो.

स्फटिक वाढवणं

आतापर्यंत मिळालेले स्फटिक दिसायला देखणे असतील, पण घाईत वाढलेले आहेत. प्रदर्शनात ठेवायचा एक सेंटिमीटरचा खडा क्ष-किरण यंत्राच्या काही कामाचा नाही. किरणाची शलाकाच अर्ध्या मिलिमीटरहून बारीक असते. आपल्याला हवाय ०.१ ते ०.३ मिलिमीटरचा, सर्व बाजूंनी साधारण सारखा, आरपार स्वच्छ स्फटिक.

आधी पुनर्स्फटिकीकरण. हे मीठ ० अंशांवर १०० मिली पाण्यात जेमतेम ४.७ ग्रॅम विरघळतं, १०० अंशांवर ११८ ग्रॅम. एवढा फरक म्हणजे थंड करून शुद्ध करण्यासाठी आयता पदार्थ. ५ ग्रॅमला ७५-८० अंशांचं १० ते १२ मिली पाणी पुरतं. हॅचर्ड-पार्कर पद्धतीत हे तीनदा करतात, रचनेसाठी एकदा-दोनदा चालतं.

नंतर तीन वाटा आहेत.

सगळ्यात खात्रीची वाट बाष्प-प्रसरणाची. ५० मिलिग्रॅम मीठ १ मिली पाण्यात विरघळवा, ०.४५ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून छोट्या कुपीत गाळा. ती कुपी झाकण न लावता मोठ्या बाटलीत उभी करा, मोठ्या बाटलीत तळाशी ५ मिली इथेनॉल घाला, बाटलीचं झाकण घट्ट लावा. इथेनॉलची वाफ हळूहळू पाण्यात शिरते, विद्राव्यता उतरत जाते, आणि तीन ते सात दिवसांत भिंतीवर हिरवे ठिपके दिसू लागतात. बाटली फॉइलमध्ये, आणि फॉइल दिवसातून दहा वेळा उघडायची नाही. गाळण्याची पायरी गाळू नका: धुळीचा प्रत्येक कण एका स्फटिकाला जन्म देतो आणि हजार बारीक स्फटिकांपेक्षा दहा धड स्फटिक बरे.

दुसरी वाट सावकाश थंड करण्याची. ४० अंशांवर संपृक्त द्रावण करा, आणखी पाच अंश तापवा म्हणजे न दिसणारे बारीक कण विरघळतील, गाळा, आणि कुपी गरम पाण्याने भरलेल्या थर्मासमध्ये बुडवून झाकण लावा. थर्मास रात्रभरात आपसूक उतरतो. साधं साधन आहे, पण वीज गेली तरी चालणारं.

तिसरी, पाणी आपोआप उडू देण्याची वाट, सगळे आधी धरतात आणि आपल्या हवेत तीच सगळ्यात जास्त फसते. मुंबई-कोकणात जुलैमध्ये पाणी उडतच नाही, दोन आठवडे कुपी तशीच. विदर्भात मे महिन्यात दोन दिवसांत कोरडी ठाक. कुपीवर फिल्म ताणून सुईने तीन-चार भोकं पाडा आणि हंगाम पाहून संख्या बदला. द्रावण पूर्ण आटू देऊ नका. शेवटच्या थेंबातली सगळी घाण स्फटिकांवर बसते.

कोणतीही वाट धरा, कुपी फ्रिजवर किंवा व्हॅक्यूम पंपाच्या टेबलावर ठेवू नका. कंपनाने केंद्रकं (स्फटिक धरू लागण्याच्या जागा) वाढतात आणि गुच्छ मिळतात. सुयांचे झुपके आले तर वाढ फार वेगाने झाली. इथेनॉल कमी करा किंवा त्यात थोडं पाणी मिसळा. काहीच आलं नाही तर द्रावण पातळ आहे. दहा दिवसांनी आतल्या कुपीत आधीचा एक बारीक स्फटिक बीज म्हणून सोडा.

निवड आणि यंत्र

स्फटिक मूळ द्रावणातच ठेवून यंत्रापर्यंत न्या. पुण्यात एनसीएल आणि आयसर, मुंबईत पवईची आयआयटी अशा ठिकाणी एकस्फटिक विवर्तनमापी (एकाच स्फटिकावर क्ष-किरण सोडून मोजणारी यंत्रं) आहेत. नमुना पाठवताना कोरडी पूड पाठवू नका आणि 'प्रकाशसंवेदी' हे कुपीवर मोठ्या अक्षरांत लिहा.

काचेच्या पट्टीवर जाड तेलाचा थेंब घ्या, त्यात स्फटिक सोडा, सूक्ष्मदर्शकात एकमेकांना काटकोनातल्या दोन पोलरायझरमध्ये पाहा. पट्टी फिरवत गेलात की चांगला स्फटिक दर ९० अंशांनी संपूर्ण काळा पडतो, एका झटक्यात. अर्धा काळा आणि अर्धा उजळ राहिला तर तो जुळा आहे, सोडून द्या. दिव्याची झोत कमी ठेवा, निवडीत अर्धा तास घालवलात तर तेवढ्यात पिवळी साय धरते. मोठा स्फटिक कापायचा असेल तर तेलातच, नव्या ब्लेडने, आणि कापलेला तुकडा पुन्हा पोलरायझरखाली पाहा.

तरंगलांबी मॉलिब्डेनमची मागा, ०.७१०७३ अँगस्ट्रॉम. तांब्याच्या किरणांची ऊर्जा लोहाच्या शोषणसीमेच्या (जिथून लोह क्ष-किरण जोरात शोषू लागतं ती ऊर्जा) जरा वर येते, त्यामुळे लोह स्वतःच चमकू लागतं आणि पार्श्वभूमी चढते. तांब्याची नळी असलेल्या पूड-यंत्रावर या पदार्थाचे आलेख धुरकट येतात ते याच कारणाने.

पूर्ण मोजणीआधी युनिट सेल (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा सगळ्यात छोटा ठोकळा) काढून केंब्रिजच्या स्फटिक-रचना संग्रहाशी ताडून पाहा. या मिठाची सेल मोनोक्लिनिक (एकच कोन काटकोन नसलेली) आहे, अवकाश-गट (सममितीचा प्रकार) पी टू-वन बाय सी, एका सेलमध्ये चार सूत्र-एकक, घनफळ १५०० घन अँगस्ट्रॉमच्या थोडं वर. दर जड (हायड्रोजन सोडून बाकीच्या) अणूमागे १८ घन अँगस्ट्रॉम हा सेंद्रिय पदार्थांचा ठोकताळा लावलात तर १८०० येतात आणि गोंधळ उडतो. आयनिक मीठ जास्त घट्ट बसतं, एवढंच. घनफळ अगदीच वेगळं आलं तर तुम्ही बहुधा पोटॅशियम सल्फेट किंवा हायड्रोजन ऑक्झॅलेटचा खडा उचललाय, त्यावर रात्र घालवू नका.

मोजणीची बारकाई किमान ०.८३ अँगस्ट्रॉमपर्यंत, पूर्णता (अपेक्षित ठिपक्यांपैकी मोजले गेलेले) ९९ टक्क्यांच्या आसपास, आणि शोषणाची दुरुस्ती (स्फटिकानेच शोषलेल्या किरणांची भरपाई) हवीच.

रचना सोडवताना

शेलएक्सटी (रचना सोडवणारी संगणकप्रणाली) बहुतेक वेळा लोह आणि तिन्ही पोटॅशियम पहिल्याच फेरीत दाखवतं. आता माणसाने पाहायच्या गोष्टी.

लोह-ऑक्सिजन अंतर २.०० अँगस्ट्रॉमच्या जवळ हवं, एका ऑक्झॅलेटने लोहापाशी केलेला कोन ८० अंशांच्या आसपास. अंतरं २.१च्या वर निघाली तर लोह २+ असण्याची शंका घ्या. ऑक्झॅलेटमध्ये लोहाला बांधलेल्या ऑक्सिजनचा कार्बनशी बंध लांब, सुमारे १.२८, मोकळ्या ऑक्सिजनचा आखूड, १.२३च्या आसपास, कार्बन-कार्बन १.५५. हा लांब-आखूड फरक दिसला नाही तर अणू चुकीचे बसलेत.

पोटॅशियमच्या कंपन-लंबगोलांकडे (अणू किती हलतो ते दाखवणाऱ्या आकृत्यांकडे) नीट पाहा. तिघांपैकी एक फुगलेला असेल तर त्या जागी इलेक्ट्रॉन कमी पडतायत, म्हणजे तिथे काही अंशी अमोनियम बसलाय. पहिल्या टप्प्यातलं राहून गेलेलं धुणं ते हे. संगणकात जागेचं प्रमाण बदलून आकडा सुधारता येतो, पण शुद्ध मीठच हवं असेल तर पुन्हा बीकरकडे जा.

पाण्याचे हायड्रोजन फरक-नकाशात (मोजलेल्या आणि मांडलेल्या इलेक्ट्रॉन-घनतेतला फरक दाखवणाऱ्या नकाशात) शोधा, ऑक्सिजन-हायड्रोजन अंतर ०.८४च्या आसपास बांधून घ्या आणि प्रत्येक हायड्रोजन कुठल्या ना कुठल्या ऑक्सिजनकडे वळलाय का ते पाहा. दोन हायड्रोजन एकमेकांकडे तोंड करून असतील तर एक नक्की चुकलाय. आर-वन (मांडलेली रचना आणि मोजणी यांतली तफावत) ०.०५च्या खाली सहज यावा, चांगल्या स्फटिकाला ०.०३ही येतो.

हा आयन डाव्या आणि उजव्या अशा दोन वळणांचा असतो. पी टू-वन बाय सी सममितीकेंद्री गट असल्याने स्फटिकात दोन्ही सारख्या संख्येने आहेत. रसायनशास्त्रज्ञ वेर्नरने १९११ साली कोबाल्टच्या कॉम्प्लेक्सची दोन वळणं वेगळी करून अष्टफलकाचं म्हणणं सिद्ध केलं होतं. लोहाच्या बाबतीत तो खटाटोप व्यर्थ, द्रावणात ती भराभर एकमेकांत बदलतात. तेव्हा निरपेक्ष वळणाचा आकडा मागू नका.

एका स्फटिकाची रचना म्हणजे अख्ख्या बाटलीची नाही. सोडवलेल्या रचनेवरून मर्क्युरी या संगणकप्रणालीत पूड-आलेख (पुडीच्या विवर्तनाचा अपेक्षित आलेख) काढा आणि बाटलीतल्या पुडीच्या मोजलेल्या आलेखावर ठेवा. जास्तीची शिखरं दिसली तर ती सल्फेटची की फेरस ऑक्झॅलेटची, हे पाहून घ्या. एक स्फटिक कमी तापमानाला आणि पूड खोलीच्या तापमानाला मोजली असेल तर शिखरं थोडी सरकतात, ती भेसळ नव्हे.

शेवटी सीआयएफ फाईल (रचनेची ठरावीक साच्यातली नोंद) चेकसीआयएफ या तपासणी-प्रणालीतून काढा. ए दर्जाच्या (सगळ्यात गंभीर) प्रत्येक इशाऱ्याचं कारण शोधा, नुसतं उत्तर चिकटवू नका. स्फटिकाचा रंग, आकार आणि मापं हे रकाने आठवणीने नको, सूक्ष्मदर्शकाशेजारच्या वहीतून भरा. उरलेले स्फटिक रंगीत काचेच्या बाटलीत, वरून फॉइल लावून, तारीख आणि बॅच क्रमांक लिहून कपाटात ठेवा. शोधनिबंधाच्या परीक्षकाने पुन्हा मोजणी मागितली तर तीच बॅच लागते.